मांडवडहाळ्याची बंडी

तुमचा सख्खा मामा चोर म्हणून पकडला गेला आणि पकडणाऱ्यांच्या घोळक्यात तुम्हीच उभे असाल, तर तुम्ही कोणत्या बाजूला सरकाल? घाईने उत्तर देऊ नका. गोंदियाहून निघताना मला हे कोणी विचारलं असतं, तर मी गाडी सुटायच्या आत उत्तर दिलं असतं, आणि तेही घोषणेच्या सुरात.

घोषणा हे माझ्या घरचंच अन्न. कुडव्याला आमच्या वडिलांचा छोटा छापखाना आहे. पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी जेवले, त्यांच्यावरच झोपले आणि वाचायलाही तिथेच शिकले. जगात दोन बाजू असतात आणि आपण योग्य बाजूला उभं राहायचं, एवढं मला शाळेत जाण्याआधी पक्कं ठाऊक होतं. यंदाच्या वैशाखात मी जंगलावर पत्रक लिहायला निघाले, ती याच खात्रीने.

साजाटोला बघायचा होता. हे गावाचं खरं नाव नाही; पुढे येणाऱ्या माणसांचीही नावं बदलली आहेत. का बदललं, ते पुढे वाचून तुम्हाला कळेलच. या गावाला भोवतीच्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आहे. म्हणजे ते जंगल राखायचं कसं, त्यातून काय घ्यायचं आणि काय घ्यायचं नाही, हे ग्रामसभा ठरवते. दर दिवशी काही घरांची पाळी असते. त्या घरची माणसं सकाळी जंगलात फेरी मारतात. साजाटोल्याच्या अलीकडे, जंगल सुरू होण्याआधी माझ्या मामाचं गाव आहे. मामेबहीण रोशनीचं लग्न होतं. आधी जंगल आणि मग लग्न, असा सोयीचा प्रवास मी आखला होता.

गोंदियाहून सौंदडला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये समोर एक बांगडीवाल्या बाई बसल्या होत्या. टोपली मांडीवर घट्ट धरून त्यांनी मला विचारलं, "दीदी, शेर देखने जा रहे क्या?"

"नहीं, पेड देखने."

"पेड तो स्टेशन के बाहर भी है!" त्या म्हणाल्या आणि अख्खा डबा हसला. मीही हसले. मग त्यांना सांगू लागले, की जंगल हवेतला कार्बन ओढून लाकडात आणि मातीत साठवतं, आणि ते तोडलं की हवा आणखी तापते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाल्या, "गर्मी तो सच में बहुत बढ गयी." माझ्या अख्ख्या भाषणातलं एवढंच त्यांना पटलं असावं. तेवढं पुरेसं होतं.

सौंदडला उतरले तेव्हा धानाची शेतं रिकामी पडली होती. मातीला भेगा गेल्या होत्या आणि बांधांवर गवताचं पातंही हिरवं नव्हतं. मला न्यायला मंगरूजी मोटारसायकल घेऊन आले होते. साठी ओलांडलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले मंगरूजी साजाटोल्याच्या वनसमितीत आहेत. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून ते म्हणाले, "पत्रकवाल्या बाई तुमीच काय? मले वाटलं मोठी बाई असन."

"मोठीच आहे की."

"आवाजानं आहे," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

रस्त्यात दोन्ही बाजूंना उघडी टेकाडं लागली. खुरटी झुडपं, मुरूम आणि मधूनच बुंधा. मग एक नाला ओलांडला आणि अंगावरचं ऊनच बदललं. वर साज, बिजा, तेंदू या झाडांची नवी पानं होती. तोंडावर येणारा वारा अजून गरमच होता, पण भाजत नव्हता. मंगरूजींनी गाडी थांबवून वाटेवर पडलेली टेंभरं (तेंदूची पिकली फळं) माझ्या ओंजळीत दिली. चिकूसारखी गोड आणि घशाला थोडी आवळणारी ती फळं. "नाल्याच्या अलीकडं मोकळं, पलीकडं आमचं," ते म्हणाले. त्यांना 'मोकळं' म्हणजे कोणाचंच नसलेलं म्हणायचं होतं.

मुक्काम कौतिकाबाईंकडे होता. त्या वनसमितीच्या अध्यक्ष. चाळिशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. त्यांनी जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि सुकवलेल्या झिंग्यांची चटणी वाढली. चटणी इतकी तिखट होती की मी पाण्याचा तांब्या संपवला आणि घरातल्या सगळ्यांची करमणूक झाली. जेवताना कार्बनचा विषय काढला, तर मंगरूजी पाटावरून वाकून म्हणाले, "तो कार्बन कोठी बसून राहते बापा? मले तर कधी दिसला नाई."

"लाकडात. तुमच्या या जंगलातल्या प्रत्येक लाकडात."

"अन् लोक तिकडं शहरात गाड्या फुकून राहिले, मंग राखन आमीच काऊन (का) करावं?"

हा प्रश्न माझ्या आवडीचा. मी भात बाजूला ठेवून बोलले. ज्यांनी हवा तापवली त्यांनी मोबदला द्यावा. ज्यांनी जंगल राखलं त्यांचा हक्क कोणी हिरावू नये. उष्ण प्रदेशातली जंगलतोड थांबते, ती अशा राखणीमुळेच. माझा आवाज चढत गेला. कौतिकाबाईंनी माझ्या ताटात आणखी डाळ वाढली आणि म्हणाल्या, "हे सारं खरं आहे बाई. पन भात गार होऊन राहिला."

सकाळी त्यांच्या घराची पाळी होती. कौतिकाबाई, मंगरूजी आणि मी निघालो. वाटेत आणखी दोन घरच्या बाया सामील झाल्या. जंगलात सकाळी चालणं काय असतं, हे मी वर्णन करून सांगायला हवं. पण तेवढा वेळ मला मिळालाच नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला कुऱ्हाडीचा आवाज येत होता. दोन घाव, मग थांबणं, मग परत दोन घाव. बायांनी पदर खोचले. कोणी ओरडलं नाही. सगळ्या फक्त भरभर चालू लागल्या आणि मी त्यांच्या मागे. खरं सांगते, मला आनंद झाला होता. जंगल वाचवणारी माणसं चोराला पकडतात, हे डोळ्यांनी बघायला मिळणार होतं.

झाडीत एक बंडी (बैलगाडी) उभी होती. बैल सोडून बाजूला बांधले होते. बंडीत जांभळीच्या हिरव्या डहाळ्या आणि साजाची सरळ, मनगटापेक्षा जाड अशी तरणी खोडं रचलेली होती. आणि कुऱ्हाड हातात घेऊन घाम पुसत उभा होता माझा नामदेवमामा.

त्याने आधी बायांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याने मला पाहिलं आणि तो हसला. सुटकेचं हसू होतं ते.

"अवो माय! ही तर आपली भाची आहे!" तो मोठ्याने म्हणाला. "बाई, सांग ना यायले. उद्या मांडव आहे आपल्या घरी."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मांडवडहाळे म्हणजे काय, हे माझ्या वाचकांना सांगायला नको. लग्नाआधी गाडी जंगलात जाते, हिरव्या डहाळ्या आणि खांब येतात, वाजत गाजत दारात मांडव पडतो. माझ्या आईच्या लग्नातही तो असाच पडला होता. पण तेव्हा मामाच्या गावाला स्वतःचं जंगल होतं. काल वाटेत मागे पडलेली उघडी टेकाडं, तेच ते जंगल. दर वैशाखात एकेका लग्नाला थोडंथोडं करत, आणि कुंपणं, गोठे, विटांच्या भट्ट्या यांना बरंच काही देऊन, ते संपलं. लग्नं मात्र संपली नव्हती.

मला बोलायला हवं होतं. मी बोललेही. आजवर लिहिलेल्या प्रत्येक ओळीच्या विरुद्ध बोलले.

"कौतिकाबाई, लग्नाचं घर आहे हो. एवढ्या वेळी जाऊ द्या."

कौतिकाबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. "एवढ्या वेळी," त्या म्हणाल्या. "बाई, दर बंडीवाला एवढ्या वेळीच येते. एकाच्या घरी लग्न, एकाच्या घरी तेरवी, एकाच्या घराचा आढा मोडला. कोनी उगाच येत नाई इथं."

मागच्या एका बाईने दुसरीला कोपर मारून म्हटलं, "पत्रकात तर लई कडक लिवते म्हने." दोघी हसल्या. मी जमिनीकडे पाहत होते. साजाचा ताजा भुसा माझ्या चपलेला चिकटला होता.

साजाटोल्याची एक रीत आहे. तोडणाऱ्याला ते मारत नाहीत आणि पहिल्या खेपेला कुठे तक्रारही करत नाहीत. त्याला प्रत्येक खुंटापाशी (तोडलेल्या बुंध्यापाशी) नेतात. तिथे वाकून, खुंटावर हात ठेवून त्याने सगळ्यांसमोर सांगायचं की हे झाड कशासाठी तोडलं. सगळे खुंट होईपर्यंत. मग कुऱ्हाड ठेवून घेतात आणि माणसाला सोडतात.

मामा म्हणाला, "मी नाई करनार. आमच्या आज्या-पंज्यानं तळी बांधली या मुलखात. तुमच्या पोटात जे पानी चाललं, ते आमचं आहे."

"तळ्यात पानी कोठून येते, पाव्हने?" मंगरूजींनी टोमणा मारला. "टँकरनं?"

बाया हसल्या. मामा हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून तो थांबला होता. मी मान फिरवली. मग चपलांचा आवाज आला आणि मामाचा, दबलेला.

"हा मांडवासाठी."

पुढचा खुंट. "हा बी मांडवासाठी."

पुढचा. "हा मांडवासाठी."

असं करत आम्ही नाल्याच्या कडेने चाललो होतो. ओल्या खुंटांवर मामाचा तळवा पडत होता आणि चीक लागून काळा होत होता. बऱ्याच खुंटांनंतर तो थांबला. हात ठेवून वाकलेला राहिला.

"हा?" कौतिकाबाईंनी विचारलं.

"हा... गोठ्यासाठी."

पुढचाही गोठ्यासाठी होता. त्याच्या पुढचाही. मी ज्या लग्नाच्या नावाने याचना केली होती, त्या लग्नाला अर्धीच बंडी लागणार होती. बाकीची त्याने 'आलोच आहे तर' म्हणून भरली होती. कानशिलं गरम होणं म्हणजे काय, ते मला त्या नाल्याच्या काठी कळलं. मामाची लाज वाटली, आणि त्याच्यासाठी रदबदली करणाऱ्या माझ्या तोंडाची त्याहून जास्त.

शेवटचा खुंट झाल्यावर कौतिकाबाईंनी बंडीतल्या डहाळ्या आणि खोडं उतरवून घेतली, कुऱ्हाड काखेत धरली आणि बैलांना पाणी पाजायला सांगितलं. मग साध्या आवाजात म्हणाल्या, "पाव्हने, पोरीचं लग्न अडू नये. गावाचा मांडव घेऊन जा."

गावाचा मांडव म्हणजे काय, ते मंगरूजींनी सांगितलं. हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी आधी, जंगल राखायचं ठरलं तेव्हा साजाटोल्याने एकदाच चांगले खांब काढले. ते समाजमंदिरात ठेवलेले असतात. गावात कोणाचंही लग्न असो, तेच खांब त्या दारात उभे राहतात आणि लग्न झालं की धुऊन परत येतात. वर लुगडी टाकतात. हिरवं म्हणून जांभळीची एक डहाळी बांधतात. फक्त एक.

"दुसऱ्याच्या मांडवाचे खांब माझ्या पोरीले?" मामाच्या आवाजात आता संताप होता. "व्याही काय म्हनतीन? भिकारी म्हनतीन!" त्याने बैल जुंपले.

मला तिथून लग्नालाच जायचं होतं. मी कौतिकाबाईंचा निरोप घेतला. त्यांनी टेंभरांची पिशवी माझ्या हातात दिली. ती घेतानाही मला त्यांच्याकडे नीट बघवलं नाही. रिकाम्या बंडीत मी मामाच्या मागे बसले.

नाला ओलांडला आणि ऊन परत अंगावर आलं. बंडीच्या फळ्यांवर हात टेकवत नव्हता. उघड्या टेकाडाच्या पायथ्याशी मामाच्या वाट्याची बोडी (शेताच्या वरचं छोटं तळं) लागली. तळाशी पाण्याऐवजी मुरूम होता. वर झाड नसलं की पावसाबरोबर टेकाडच खाली उतरतं आणि तळ्यात बसतं. मामाने तिकडे बघितलं नाही. बैलांशी बोलत असल्यासारखा समोर बघून तो म्हणाला, "तू मले पकडून दिला."

"मी नाही दिलं, मामा."

"सोडवला बी नाईस."

दोन्ही खरं होतं. माझ्या दोन्ही बाजूंपैकी एकही बाजू माझी राहिली नव्हती.

घरी बातमी आमच्या आधी पोचली होती. मामी दारातच उभी होती. रिकामी बंडी बघून तिने डोक्याला हात लावला. "सकाळपासून बायका गाणे म्हनाले येऊन बसल्या. आता त्यायले काय दाखवू? बैलं?" मामा ओसरीवर जाऊन बसला. शेजाऱ्यांपैकी कोणी सुचवलं, की बिछायतवाल्याचे (मंडप भाड्याने देणाऱ्याचे) लोखंडी पाइप आणा. कोणी म्हणालं, दुसऱ्या बाजूने परत जाऊ, तिकडे राखण नसते. हे दुसरं ऐकून मामाने मान वर केली. तो विचार करत होता. मला ते स्पष्ट दिसत होतं. आणि मी परत गप्प होते, पाहुणी म्हणून, भाची म्हणून, लग्नघर म्हणून.

तेवढ्यात रोशनी आतून आली. हातावर हळद, कपाळावर हळद. ती नर्सिंग शिकली आहे आणि तिचा आवाज हळू कधीच नसतो.

"गावाचे खांब देत होते ना ते? मंग काऊन नाई आनले?"

"लोक नावं ठेवतीन, रोशनी," मामा म्हणाला.

"मागून आनाले लाज वाटते, बाबा? तोडून आनाले नाई वाटली?"

 गाणी म्हणायला आलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. रोशनी पुढे म्हणाली, "माझ्या सासूले मी सांगतो. तुमी आनता का नाई ते सांगा. नाई आनले, तर मी उघड्या अंगनात उभी राहीन. चोरीच्या मांडवात नाई राहत."

 मामाच्या हातावरचा चीक अजून निघाला नव्हता. तो तळवा धोतराला पुसत होता. मग उठला, बैलांना चारा टाकला, त्यांचं खाणं होईपर्यंत उभा राहिला, आणि बंडी परत जुंपली. मी विचारलं, "येऊ का?"

"ये," तो म्हणाला. "तुले वळखतेत."

ऊन कलताना आम्ही साजाटोल्याला पोचलो. मामा समाजमंदिरासमोर बंडीतून उतरला. टोपी काढली, परत घातली. कौतिकाबाई अंगणातून आल्या. त्याने मोठ्या मुश्किलीने शब्द काढले, "बाई, मांडव पाहिजे होता. लग्न झालं की धुऊन आनून देतो."

कौतिकाबाईंनी सकाळचं एक अक्षरही काढलं नाही. दार उघडलं. आत भिंतीला टेकून खांब उभे होते, गुळगुळीत झालेले, आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीएवढ्या जागी हळदीचे पंजे होते, जुने, फिके, एकावर एक. "हा माझा," कौतिकाबाई एका पंजावर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् हा माझ्या लेकीचा. तुमच्या पोरीचा बी लागन. पंजे मात्र धुवाचे नाई."

मंगरूजी खांब उचलता उचलता म्हणाले, "व्याह्याले बिनधास्त सांगजा पाव्हने, खांब पारखलेले आहेत. आतापर्यंत यायच्याखाली लागलेलं एकबी लग्न मोडलं नाई. एक हाललं होतं, पन ते माझं होतं."

मामा हसला. खुंटावर हात ठेवल्यापासून पहिल्यांदा. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने टोपीने पुसलं.

लग्न झालं. व्याही मांडवाबद्दल काही बोलले की नाही, ते मला ठाऊक नाही. वरातीतल्या बायका मात्र त्या पंज्यांना हात लावून पाहत होत्या. दोन दिवसांनी मी सौंदडहून परतीची गाडी पकडली. खिडकीतून दूरवर तीच उघडी टेकाडं दिसत होती. येताना ती बघून मी चिडले होते. कोणी केलं हे, असा प्रश्न माझ्या मनात तयार होता आणि उत्तरही तयार होतं: ठेकेदार, कारखाने, शहरं. ती उत्तरं खोटी नाहीत. पण आता त्या यादीत माझं आजोळ होतं, आणि आजोळाच्या वतीने हात जोडणारी मी होते.

राखलेल्या जंगलाने तोड थांबते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नाल्याच्या पलीकडे गार सावली आहे आणि ती पाळीवर जाणाऱ्या बायांमुळे आहे. पण राखण फक्त एका नाल्यापुरती चालते. ज्याला खांब हवेत, तो दुसऱ्या बाजूने जातो, जिथे राखण नसते. एक जंगल वाचतं आणि त्याच्या शेजारचं जातं. हवेला मात्र झाड कुठल्या गावचं होतं ते कळत नाही. तिला फक्त ते गेलेलं कळतं. आपली गरज जशीच्या तशी ठेवून कोणीतरी दुसऱ्याने जंगल राखावं, असं म्हणणारे आम्ही सगळे मामाच्याच बंडीत बसलेलो आहोत. मला याची लाज वाटते. लपवावी अशी नाही, सांगावी अशी.

म्हणून एकच मागते. येत्या लग्नसराईत तुमच्या घरी कार्य असेल, तर जंगलात गाडी पाठवू नका. गावात ज्यांच्या दारचा मांडव नुकताच उतरला, त्यांच्याकडे जा आणि त्यांचे खांब मागा. तुमचं कार्य झालं की ते पुढच्या दाराला द्या. मागताना जीभ अडखळेल, तरी मागा.